फादर कमी झालेत हे मान्य, पण आहेत ते कशात अडकलेत?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत कॅथोलिक चर्चच्या भवितव्यावर आलेला लेख वाचला आणि तीन-चार दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला भाग तेवढा ठेवा.

लेखाचा सगळा जोर आकड्यांवर आहे. जगात कॅथोलिक साधारण १४० कोटी, फादर ४ लाखांच्या थोडे वर, म्हणजे एका फादरमागे जवळपास ३,४०० माणसं आली. युरोपात फादर कमी होतायत, आफ्रिकेत वाढतायत, हे सगळं खरं आहे त्यात वाद नाही. पण आकडा वाचून आपण नुसती मान हलवतो आणि गप्प बसतो, आणि जे ४ लाख आहेत त्यांचा दिवस जातो कुठे हे कोणी विचारतच नाही.

माझे बाबा गेले तेव्हाचं सांगते. शेवटचे काही महिने ते अंथरुणावरच होते. पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, एक बाई दर गुरुवारी न चुकता यायच्या, ख्रिस्तशरीर, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, घेऊन यायच्या, एखादं स्तोत्र वाचायच्या आणि मग बाबांची तीच तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकताना पण पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून बसायच्या. ते मला जमायचं नाही, खरं सांगते, मी स्वयंपाकघरात निघून जायचे. मग एका संध्याकाळी बाबांचा श्वास बदलला आणि त्यांनी स्वतःहून फादरना बोलवायला सांगितलं, त्यांना पापनिवेदन करायचं होतं, म्हणजे आपली पापं फादरांपुढे सांगून क्षमा मागायची होती, आणि रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, हवं होतं. मी फोन केला. फादर मीटिंगमध्ये होते, चर्चच्या छपराच्या कामाचं कोटेशन, कॉन्ट्रॅक्टर आलेला, कमिटी बसलेली, आणि त्यांच्याकडे अजून दुसरं एक चर्च पण होतं. उद्या सकाळी पहिलं तुमच्याकडेच येतो म्हणाले. आले पण, अगदी लवकर आले. बाबा पहाटेच गेले होते.

मी फादरवर चिडले नाही. ते दारात उभे राहून रडले आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. पण तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. त्या संध्याकाळी जे काम जगात फक्त एक फादरच करू शकत होता ते राहून गेलं, आणि फादर जे काम करत होते ते कमिटीतल्या कोणालाही करता आलं असतं. कोटेशन बघायला काय दीक्षा लागते का?

त्या गुरुवारच्या बाई बाबांसाठी सगळं करू शकत होत्या, ही दोन सोडून. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात ते अगदी स्पष्ट आहे, पापक्षमा आणि रुग्णाभ्यंग हे दोन्ही फक्त धर्मगुरूच्याच हातून. बाकी बघायला गेलं तर तोच कायदा बराच मोकळा आहे, आणि हे आपल्यातल्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं. अडीअडचणीला बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. फादरच नसेल तिथे लोकांनी जमून शब्दविधी, म्हणजे बायबलचं वाचन आणि प्रार्थना, करावा असंही सांगितलंय. ५१७ कलमात तर फादरांची टंचाई असेल तर बिशप एखाद्या प्रापंचिकाला, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या साध्या माणसाला, पॅरिश सांभाळण्याच्या कामात वाटा देऊ शकतात, वर देखरेखीला एक फादर ठेवायचा, असं लिहिलेलं आहे. म्हणजे दार उघडं आहे, आपण उंबऱ्यावर उभे राहून दार बंद असल्याची तक्रार करतोय.

पण याच कायद्याची दुसरी बाजू पण बघा. प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक समिती पाहिजेच, सक्तीची आहे. पॅरिश कौन्सिल मात्र बिशपांना योग्य वाटलं तर, आणि तिला नुसता सल्ला द्यायचा हक्क. आणि व्यवहारात पॅरिशच्या वतीने कायदेशीर उभा राहणार तो फादरच. मग सगळ्या फायली, सगळ्या सह्या, सगळ्या चाव्या फिरून फिरून त्या एकाच माणसाच्या टेबलावर येतात. यात त्याची दमछाक तर होतेच, पण धोका पण आहे. सगळं एकाच हातात राहिलं की काय काय दडपलं जातं ते गेल्या काही वर्षांत लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत जगभर दिसलंच, त्यावर मी वेगळं काय लिहू.

लेखकाने उपाय म्हणून लग्न झालेले फादर सुचवलेत. माझा विरोध नाही. पोपांनाच मानणाऱ्या पण आपली वेगळी परंपरा पाळणाऱ्या पूर्वेकडच्या बऱ्याच कॅथोलिक चर्चमध्ये लग्न झालेले धर्मगुरू पहिल्यापासून आहेत, त्यात आकाश कोसळलं नाही. ॲमेझॉनच्या प्रदेशावरच्या २०१९ च्या सिनडमध्ये, म्हणजे पोपांनी बोलावलेल्या बिशपांच्या सभेत, दूरच्या भागांसाठी बिशपांनी दोनतृतीयांशाहून जास्त मतांनी तसं मागितलं पण होतं, पुढच्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांचं पत्र आलं त्यात या विषयावर एक शब्द नव्हता. पण समजा उद्या परवानगी मिळाली, तर तो लग्न झालेला फादर पण छपराच्या मीटिंगलाच बसणार ना? वर रात्री घरी गेल्यावर बायको विचारणार ते वेगळंच.

कायम उपयाजकांचं, म्हणजे दीक्षा घेतलेल्या पण फादरच्या एक पायरी खालच्या सेवकांचं, पण तसंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते ६५ च्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, ते पद पुन्हा सुरू केलं, १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नियम करून दिले, लग्न झालेल्या पुरुषांना ते होता येतं आणि आज जगात असे साधारण ५० हजार आहेत. चांगलंच आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन, प्रवचन सगळं करतात, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नाही, पापनिवेदन नाही, अभ्यंग नाही. माझ्या बाबांच्या खोलीत उपयाजक आला असता तरी गुरुवारच्या बाईंपेक्षा जास्त काही करू शकला नसता. बायकांना उपयाजक करायचं की नाही हा प्रश्न तर २०२४ च्या सिनडने पण उघडाच ठेवलाय. २०२१ मध्ये वाचक (उपासनेत बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक (वेदीवर मदत करणारे) ही पदं बायकांना रीतसर मिळाली, त्याच वर्षी धर्मशिक्षकाची सेवा पण अधिकृत झाली. काम त्या आधीपासून करतच होत्या, शिक्का तेवढा नंतर आला.

फादरशिवाय श्रद्धा टिकत नाही असं पण कोणी म्हणू नये. कोरियात चर्च सुरूच झालं ते प्रापंचिकांच्या हातून. १७८४ मध्ये यी सुंग-हुन नावाचा माणूस बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परत आला आणि त्यांनी आपल्या आपण समाज उभा केला, पहिला फादर पोचायला दहाएक वर्षं लागली. जपानमध्ये तर १६१४ मध्ये मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं आणि नंतर दोनशेहून जास्त वर्षं लपूनछपून घराघरात बाप्तिस्मा आणि प्रार्थना चालू राहिल्या. १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये ती माणसं फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि आमचं मन तुमच्यासारखंच आहे म्हणाली. पापनिवेदनाला फादर नाहीत म्हणून त्यांनी मनापासून पश्चात्तापाची एक प्रार्थना पिढ्यानपिढ्या जपली होती. हे वाचलं तेव्हा बाबांची आठवण येऊन मला खूप बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही. पण एक आहे, ती माणसं दोनशे वर्षं फादरांची वाट बघतच होती. म्हणजे प्रापंचिक पुरेसे आहेत, फादर नसले तरी चालेल, असा अर्थ मी काढत नाहीये. उलट फादर लागतोच, म्हणून तर त्याला कोटेशन बघण्यात घालवू नका.

आणि हे काय मी नवीन सांगत नाहीये. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून बघा. विधवांच्या जेवणाच्या वाटपावरून भांडण झालं तेव्हा प्रेषितांनी सरळ सांगितलं की देवाचं वचन सोडून आम्ही पंगतीच्या मागे लागणं बरोबर नाही, तुमच्यातले सात जण निवडा आणि हे त्यांच्याकडे द्या. निवडायला लोकांनाच सांगितलं, हे पण लक्षात घ्या.

दोष सगळा वरच्यांचा आहे असं पण नाही. नवीन गाडी घेतली की आपल्याला फादर पाहिजे, गॅदरिंगला स्टेजवर मधल्या खुर्चीत फादर पाहिजे, आणि हिशेबाला कोण बसतंय विचारलं की सगळ्यांना त्याच दिवशी बाहेरगावी जायचं असतं. माझ्यासकट. फादरांची पण एक सवय असते, काम देतात पण चावी देत नाहीत, मग चांगला शिकलेला माणूस दोन मीटिंगा करतो आणि तिसऱ्यापासून येत नाही. २०२४ च्या सिनडच्या शेवटच्या दस्तऐवजात पॅरिश कौन्सिल सगळीकडे सक्तीची करा असं म्हटलंय. करा की लवकर, पण निर्णय फादरच घेणार आणि आम्ही चहा पिऊन उठणार असं असेल तर सक्ती करून काय उपयोग.

ऑनलाइन मिस्साबद्दल लेखात बरंच कौतुक आहे. लॉकडाऊनमध्ये तो आधार होता, नाही म्हणत नाही. पण मोबाइलवरून अभ्यंगाचं तेल कपाळाला लागत नाही.

तर संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी या विषयावर लेख आलाच तर किती फादर उरले ते जरूर छापा, पण चार-पाच फादरांना भेटून त्यांच्या मागच्या आठवड्याची डायरी पण बघा, किती तास मीटिंगला गेले आणि किती आजाऱ्याच्या उशाशी. गुरुवारच्या बाईंची डायरी बघायची गरज नाही, ती मला माहितीये.

आपली,
एक वाचक