तेल एरंडीचं म्हणून कागद सडेलच असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वनस्पती तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकबद्दल हल्ली बरंच वाचायला मिळतं. आमच्या चोपड्याकडचे मिरची-टरबूजवाले त्यावर भारी खूश आहेत, कारण मल्चिंगच्या कागदाने, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकच्या पातळ कागदाने, जीव मेटाकुटीला आलाय. २५ मायक्रॉनचा कागद हंगाम सरेपर्यंत उन्हाने तडकतो, गोळा करायला गेलं तर हातात चिंध्या येतात. निम्म्या रोटाव्हेटरखाली जातात, बाकीच्या बांधावर पेटतात. परवा कृषी केंद्रात एका बाबांनी विचारलं, "हाऊ कागद वावरमां सडी का?" दुकानदार म्हणाला, "तेलाचा आहे, सडणारच."

हे साफ खोटं आहे. एरंडेलापासून नायलॉन-११ हे प्लास्टिक कित्येक दशकांपासून बनतंय. ट्रकच्या एअर ब्रेकच्या नळ्या त्याच्या असतात. सडणारी नळी ब्रेकला कोण लावेल? उलट मल्चिंगसाठी जो खरोखर मातीत सडणारा कागद मिळतो, त्यातलं पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुधा खनिज तेलापासूनच बनतं, तरी जंतू ते खातात. माल कुठून आला यावर नाही, रेणू कसे जोडलेत यावर सडणं ठरतं. 'कंपोस्टेबल' शिक्क्याचंही तसंच. आयएस १७०८८ हे मानक कारखान्यातल्या तापलेल्या, ओलसर कंपोस्टसाठी आहे. आमचा मे महिना कितीही भाजला तरी कोरडं वावर म्हणजे कंपोस्टचा ढीग नव्हे.

तेलाच्या प्लास्टिकला माझा विरोध नाही. एरंडी आम्ही कपाशी-मिरचीच्या कडेने लावतोच, पानं खाणारी अळी तिच्यावर जावी म्हणून. बियांत जवळपास निम्मं तेल, पेंड खताला (गुरांना चुकूनही घालू नये, विषारी असते). तरी देशातली बहुतेक एरंडी पिकते गुजरातेत. जळगावात ठिबकच्या नळ्या, पाइप, चटया बनतात, आपल्या विद्यापीठात तेल आणि प्लास्टिक दोन्हींचं तंत्रज्ञान शिकवतात. ठिबकच्या नळीला टिकाऊपणाच हवा असतो. तेलाच्या प्लास्टिकचा प्रयोग तिथे करून बघावा.

मल्चिंगपुरती मागणी एवढीच: कागद मातीत सडतो का आणि किती महिन्यांत, हे रोलवर मराठीत छापणं कृषी विभागाने सक्तीचं करावं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापतातच की.

– एक मिरची उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव