चिरे उसने द्या, नारळाची चुडतं द्या, दोन संध्याकाळ द्या

वाडीतल्या आणि मुंबईकर ग्रामस्थांना सप्रेम नमस्कार.

माघातला आपला कलामहोत्सव जवळ आला. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि शेवटच्या रात्री दशावतार, असा बेत ठरला आहे. गेल्या वर्षी आपण भाड्याचा मंडप घातला. उंच स्टेज, मागे फ्लेक्स, पुढे खुर्च्यांच्या रांगा. चित्रकथीतली चित्रं कागदावरची, हातात धरून दाखवायची. पाचव्या रांगेनंतर कुणाला काही दिसलं नाही. मुलं तर पहिल्या अर्ध्या तासातच उठून पळाली. पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्यामुळे आपल्याच कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीची ही कला देशभर पोचली, आणि इथे राहून आपल्यालाच ती लांबून बघावी लागते, हे काही बरं नाही.

म्हणून यंदा देवळासमोरच्या मळ्यात आपणच माटव घालायचा. स्टेज नाही. मधे शेणाने सारवलेलं खळं आणि त्याभोवती अर्धगोलात चिऱ्यांच्या तीन पायऱ्या. चिरे सिमेंटशिवाय नुसते रचायचे, म्हणून तीन थरांच्या वर जायचं नाही. सातशे-आठशे चिरे लागतील. ज्यांच्या घराचं काम पावसाळ्यानंतर रखडलंय, त्यांनी दारात रचून ठेवलेले चिरे पंधरा दिवसांसाठी उसने द्यावेत. खडूने खूण करून नेऊ, मोजून परत आणून रचून देऊ. फुटले तर मंडळ भरून देईल.

वरचा सांगाडा माणग्याचा, म्हणजे आपल्याकडच्या भरीव बांबूचा. तीन वर्षांपुढची पक्की काठीच द्या. कोवळी काठी वाळली की आकसते आणि बांधलेल्या गाठी सैल पडतात. खिळा कुठेच ठोकायचा नाही, सगळं काथ्याच्या दोरीने बांधायचं. खिळ्याने काठी उभी चिरते आणि मग ती चुलीतच जाते. आपल्याला त्याच काठ्या महोत्सवानंतर पडवळ-दोडक्याच्या मांडवाला द्यायच्या आहेत. ज्याने दिल्या त्याचा पहिला हक्क.

छपराला चुडतांचे विणलेले झाप. ते विणणाऱ्या आयाबाया आता थोड्याच उरल्यात, त्यामुळे दोन संध्याकाळी विणायला बसाल तेव्हा सुना-नातींनाही सोबत आणा. चहा-भजी मंडळाकडून! वाळका झाप पटकन पेट घेतो, तेव्हा माटवात फटाके, विडी-सिगारेट काही चालणार नाही. वाळूच्या बादल्या चारही बाजूंना असतील.

मुलांची खेळायची जागा कोपऱ्यात वेगळी काढलेली नाही. शाळेतल्या मुलांनी झाडूच्या हिरांचा, दोऱ्याने बांधलेला वीतभर उंचीचा नमुना करून आणला. त्यात पायऱ्यांच्या पोटातून रांगत जायचं भुयार होतं. सुट्या चिऱ्यांखालून मुलांना जाऊ देणं धोक्याचं, म्हणून भुयार पायऱ्यांच्या टोकाला बांबू आणि झापांचं करतोय. पण मुलांची मूळ कल्पना तशीच ठेवली आहे: शिरायचं प्रेक्षकांच्या मागून आणि निघायचं थेट खळ्याच्या कडेला. लहान-मोठ्या नळ्यांचं एक वाद्य टांगणार आहोत. प्रयोग सुरू असताना ते वाजवायच्या काठ्या काढून घेऊ, नाहीतर दशावतारातल्या संकासुराचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. झोपाळे मात्र आंब्यालाच. सांगाड्यावर तो भार नको.

पैसेही लागतीलच: दोरी, दिवे, सुताराची मजुरी, कलाकारांचं मानधन. इथे मुंबईकरांचा हात लागेल. घरचं माणूस रोख आणून देईल तर पावती तिथल्या तिथे घ्या, पावतीशिवाय कुणाला एक रुपयाही देऊ नका. देणगी देणाऱ्यांच्या नावांचा फ्लेक्स यंदा लागणार नाही. नावं गेरूने, आपल्याच मुलांच्या अक्षरात, भुयाराच्या तोंडाशी ठेवलेल्या फळ्यावर लिहिली जातील. कुणाचं शुद्धलेखन बिघडलं तर रागवू नका.

समितीची माणसं रोज संध्याकाळी आरतीनंतर सभामंडपात असतात. चिरे आणि काठ्या कधीही सांगा, टेम्पो पाठवू. चुडतं मात्र या रविवारपर्यंत विहिरीपाशी पोचवा. विणायच्या आधी ती काही दिवस पाण्यात भिजत घालायची आहेत.

आपली,
कलामहोत्सव समिती