जुनी पिकअप सजवताना आधी खाली वाकून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रावेर-यावलकडे केळी वाहून थकलेल्या पिकअप नव्याने सजवून घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: रंगाआधी कमानी (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पाहा. गाडी कलली की सर्रास कमानीत जादा पाटा (पोलादी पट्टी) टाकतात. त्याने कमान ताठ होते, चासीची (गाडीच्या सांगाड्याची) ताकद मात्र वाढत नाही आणि हँगरजवळ, म्हणजे कमान चासीला अडकते तिथे, तडा जातो. बरेचदा मूळ दुखणं कमान ॲक्सलला (चाकांच्या आसाला) बांधणाऱ्या सैल यू-बोल्टचं असतं. पाटे हलतात, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल तिरका बसतो, टायर झिजतात. पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदला. यू-बोल्ट नवेच घ्या, गाडीचं वजन चाकांवर असताना टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

गंजावर पुट्टी लिंपणं ही तर शुद्ध फसवणूक. पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून १८ गेजचा (साधारण १.२ मिलिमीटर जाड) पत्रा बसवा. बॅटरीची वायर काढूनच वेल्डिंग करा. वेल्डिंगचे टाके आलटून-पालटून मारा, सलग वेल्डिंगने पत्रा वाकतो. वर इपॉक्सी प्रायमर, पुट्टी जेमतेम २ मिलिमीटर. हौद्यातली (माल ठेवायच्या भागातली) पाणी निघायची भोकं बुजवू नका.

मूळ रचनेत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. आधी आरटीओत विचारा.

– एक गॅरेजचालक, सावदा (जि. जळगाव)