तो व्हिडिओ आधी काढून टाक

प्रिय सुजाता,

तू पेजवर टाकलेला व्हिडिओ मला पूर्ण बघवला नाही. एवढ्याशा पोराला पट्ट्याने मारतात आणि कुणी मध्ये पडत नाही! तुझा संताप मला कळतो. पण त्यात त्याचा चेहरा दिसतो, गणवेशावरचं शाळेचं नाव वाचता येतं, आणि वर तू लिहिलंयस, "जास्तीत जास्त शेअर करा." सुजू, तो आधी काढ. उद्या हेच पोर वर्गात जाऊन बसणार आहे, आणि तोवर सगळ्यांनी त्याला रडताना पाहिलेलं असेल.

अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याचीही मनाई आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचं, कलम २३. नाव, फोटो, पत्ता, शाळा, घरच्यांची माहिती, काहीच द्यायचं नाही. जम्मूतल्या कठुआत बलात्कार करून मारलेल्या मुलीचं नाव आणि फोटो देशभर फिरला, तेव्हा २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. आपल्या हातातल्या फोनला मात्र कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांभाळायला हवं.

व्हिडिओ तुला जिथून आला ती लिंक घेऊन १०९८ ला फोन कर. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. फोन चोवीस तास उचलतात, पैसे पडत नाहीत. लैंगिक अत्याचाराचं काही हाती आलं, तर निषेध म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नकोस. थेट पोलिसांना कळव.

मग पेजवर काय टाकायचं? २०१० मध्ये फेसबुकवर सगळ्यांनी स्वतःच्या फोटोच्या जागी कार्टून लावली होती, आठवतं? बालअत्याचाराविरुद्ध म्हणून. पण पोराने घरी येऊन काही सांगितलं तर काय करायचं, हे त्यातून एकाही आईला कळलं नसेल. तुझ्या पेजवर ते कळू दे. पोर बोललं तर मध्ये तोडू नका, "तू तिथे गेलासच कशाला" असं म्हणू नका, दहा वेळा तेच वदवून घेऊ नका. पॉक्सोखाली मुलाला पोलीस ठाण्यात जावं लागत नाही, घरीच जबाब घेता येतो, आणि पोलीस गणवेशात येत नाहीत. हे किती आयांना माहीत आहे? आणि असा लैंगिक गुन्हा झाल्याचं कळूनही गप्प बसणं हासुद्धा गुन्हा आहे, मग ते घरातलं माणूस असो की शाळेतलं.

"अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नकोस" एवढ्यावर थांबू नकोस. बहुतेक वेळा तो माणूस घरातला, शेजारचा, ओळखीचाच असतो. आणि मुलग्यांबद्दल लिहीच. २००७ मध्ये केंद्र सरकारने १३ राज्यांत मुलांशी बोलून अभ्यास केला, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. आपल्याकडे "मुलगा आहे, त्याला काय होतंय" म्हणून विषय मिटतो. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

तुझ्या पेजवरच्या बायका तुझं ऐकतात, म्हणून एवढं हक्काने लिहिलं. मजकुराचा कच्चा खर्डा मी करून पाठवते, तुझ्या बोलीत तू फिरव. आधी मात्र १०९८ ला फोन कर, आणि काय म्हणाले ते मला आजच कळव.

तुझी,
मंजू