काकांच्या पद्मिनीचं इंजिन

नाशिक
दि. 9 नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकांच्या पद्मिनीचं, म्हणजे त्या जुन्या फियाटचं, इंजिन वॉशिंग सेंटरवर धुऊन घे, असं तू फोनवर म्हणालास. मी नेली नाही. प्रेशरचा झोत सरळ डेल्कोवर, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, बसतो. कॅपमध्ये पाणी शिरलं की करंट नीट पोचत नाही, मग गाडी सुरूच होत नाही. डिझेल मारलं तर रबरी होज फुगतात. काकांनी इतकी जपलेली गाडी मला कुणाच्या हाती सोपवायची नव्हती.

म्हणून अंगणातच बॉनेट उघडलं. इंजिन पूर्ण गार होतं, कारण तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. डेल्को, कॉइल, डायनमो आणि कार्ब्युरेटरचं तोंड पिशव्यांनी घट्ट बांधलं. काचेखालच्या खाचेत कडुलिंबाचा पाला कुजून बसला होता, तो हातानेच काढला. तो ओला राहिला की पत्रा तिथूनच गंजतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने फसफसून निघाली.

खरा वेळ खाल्ला तो काळ्या चिकट थराने. तेलकट मळ सोडवणारं डिग्रीझर मारायचं, वाळायच्या आत रंगाच्या जुन्या ब्रशने घासायचं, पुसायचं, पुन्हा मारायचं. प्लगच्या वायरी फडक्याने पुसत होतो, तर खालून पांढऱ्या ऑइलपेंटचे ठिपके निघाले. एकीवर एक, दुसरीवर दोन, असे चारी वायरींवर! फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2, वायर चुकीच्या जागी बसू नये म्हणून काकांनी दिलेले. सुहास, किती वेळ मी त्या वायरी हातात धरून उभा होतो. ठिपक्यांना डिग्रीझर लागू दिलं नाही.

काळं पाणी ट्रेमध्ये धरलं, सांडलेलं लाकडाच्या भुशाने टिपून घेतलं. आपल्याकडच्या गटाराचं पाणी शेवटी गोदावरीत जातं, तिच्यात आपलं ऑइल कशाला?

सगळं उन्हात वाळवून, पिशव्या सोडून, बॅटरीची वायर परत जोडून सेल्फ मारला. लगेच सुरू झाली. आणि स्वच्छ इंजिनावर गळती चटकन दिसली. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल झिरपून एक्झॉस्टवर उतरतंय. चढावर तुला जळका वास यायचा ना, तो हाच.

त्या कव्हरखालचं पॅकिंग कॉर्कचंच लागेल. नाना पेठेत जुन्या फियाटचं सामान बघ आणि दिवाळीनंतर येताना दोन घेऊन ये. कव्हर तू आल्यावरच उघडू.

आईंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत