युरोप सहल: तयारीच्या यादीत पाय कुठे आहेत?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींआधी पर्यटन कंपन्या प्रवाशांची बैठक घेतात. व्हिसा, विमा, युरो किती न्यायचे, जाकीट कसलं हवं, सामानाचं वजन किती, सगळं तपशिलात सांगतात. पायांच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते: 'आरामदायी बूट आणावेत.' पायांच्या दुखण्यांवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट म्हणून आम्हाला हे लिहावंसं वाटतं, कारण चार-पाच लाख रुपये भरून गेलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेला फोड आला म्हणून बसमध्ये बसून राहतात, आणि हे बव्हंशी टाळता येण्यासारखं असतं. त्यासाठी तयारी निघायच्या सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवी.

आधी चालणं किती, ते पाहू. जुन्या शहरांत बस दारापर्यंत जात नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात तर गाडीच नाही, आणि चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेक पायऱ्यांचे. रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या ज्वालामुखी दगडाचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. त्यांच्या फटींमुळे प्रत्येक पावलाला घोटा थोडा वाकतो आणि मऊ, पातळ तळव्याच्या बुटातून दगडाची कड चवड्याला जाणवते. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० चढाव्याच लागतात. अशा सहलीत दिवसाला दहा-बारा किलोमीटर, म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास पावलं सहज होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. वर्षभर चपला घालून संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या मारणाऱ्या पायांना हा भार एकदम झेपत नाही.

चपलांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सतत चप्पल घालणाऱ्यांचा चवडा पसरलेला असतो, बोटं मोकळी राहायला सरावलेली असतात. अशी माणसं बूट घेताना फक्त लांबी बघतात. रुंदी कमी पडली की करंगळी आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड घासतं. मग ते एक नंबर मोठा बूट घेतात. त्यात टाच वर-खाली होते आणि फोड टाचेला येतो. उपाय मोठा नंबर नव्हे, रुंद बूट. चांगल्या कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट काढतात. पुरुषांच्या बुटात 'डी' ही नेहमीची रुंदी, 'टू-ई' आणि 'फोर-ई' रुंद. बायकांच्या बुटात 'बी' नेहमीची आणि 'डी' रुंद. दुकानात हे शब्द वापरून विचारा.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सहलीत घालणार तेच मोजे बरोबर न्या. दोन्ही पाय उभं राहून मोजा आणि मोठ्या पायाच्या मापाने घ्या. बुटातली इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर आला तर तो बूट सोडून द्या, 'वापरून सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा हवी. हे सर्वांत लांब बोट पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं असतं, हेही पाहा. मग बूट हातात घेऊन टाच आणि पुढचं टोक उलट दिशांना पिळा. सहज पिळला जाणारा बूट दगडी रस्त्यांना निरुपयोगी. तो वाकावा फक्त बोटांपाशी.

कपाटात चार-पाच वर्षं पडून असलेले 'नवेच आहेत' असे बूट तपासल्याशिवाय नेऊ नका. अनेक बुटांच्या तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत न वापरताही हळूहळू विघटित होतो. वरून बूट कोरा दिसतो, आणि भर रस्त्यात तळवा सुटतो किंवा त्याचा भुगा होतो. तळव्याच्या कडेला अंगठ्याने दाबून चिरा पडतात का पाहा आणि निदान पाच किलोमीटर चालून खात्री करा.

आता फोड का येतो ते. वरच्या घासण्याने कातडी झिजते आणि फोड येतो, असं सगळे समजतात. प्रत्यक्षात पाऊल टाकताना आतलं हाड पुढे-मागे सरकतं, पण घामाने ओलसर झालेली कातडी मोज्याला चिकटून जागीच राहते. हे हजारो वेळा झालं की कातडीचे आतले थर ताणून एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणून सर्वांत वाईट ती दमट कातडी, आणि म्हणूनच सुती मोजे नकोत. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टर-नायलॉनचे मोजे घ्या. बोटांमध्ये फोड येणाऱ्यांनी पाच बोटांचे मोजे वापरावेत. आत पातळ नायलॉनचा आणि वर जाड मोजा घातला तर घर्षण दोन मोज्यांच्या मध्ये होतं, कातडी वाचते. मात्र बूट अशा दोन मोज्यांवरच मापून घेतलेला असावा. दुपारच्या जेवणाला मोजे बदला. रात्री धुतलेले मोजे कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळले की सकाळपर्यंत वाळतात.

सहा आठवड्यांचं वेळापत्रक अवघड नाही. पहिला आठवडा नवे बूट घरातच, रोज अर्धा-पाऊण तास. टोचले तर दुकानदार अजून बदलून देईल. दुसऱ्या आठवड्यापासून रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर, मग दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा. पाचव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस आठ-आठ किलोमीटर चाला, त्यात जिने आणि खडबडीत रस्ता हवाच. लागोपाठ दोन दिवस यासाठी, की पहिल्या दिवशी नुसती लाल झालेली जागा दुसऱ्या दिवशी फोड होते आणि बूट खरा कुठे चावतो ते घरीच कळतं. शेवटचा आठवडा हलका ठेवा. सोबत पोटऱ्यांचा ताण रोज घ्या: भिंतीला हात, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीन वेळा. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच दुखत असेल तर तळपायाचा पट्टा आधीच ओढलेला आहे. तेव्हा डॉक्टरांना दाखवून मगच चालणं वाढवा. अशांनी हॉटेलच्या फरशीवरही अनवाणी फिरू नये.

टाचांच्या भेगांकडे बायका आणि पुरुष दोघंही दुर्लक्ष करतात. भेगेची कडक कड मोज्यात अडकते, आणि जाड घट्ट्याच्या काठावर, जिथे कडक आणि मऊ कातडी जुळते, तिथे फोड हमखास येतो. महिनाभर आधीपासून रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वजरीने हलक्या हाताने घासा आणि दहा ते वीस टक्के युरिया असलेलं क्रीम लावा. कोकणातलं कोकमाचं तेलही भेगा मऊ करतं. शेवटच्या आठवड्यात मात्र खरवडणं थांबवा, नाहीतर उघडी पडलेली कोवळी कातडी घेऊन विमानात बसाल. नखं तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा, कोपरे आत कोरू नका.

जोडव्यांबद्दल कुठल्याच सूचनापत्रकात लिहिलेलं नसतं. बंद बुटात जोडवं शेजारच्या बोटात रुततं, आणि विमानात पाय सुजले की ते निघतही नाही. काढायचं की पातळ, सपाट जोडवं घालायचं की कागदी पट्टीने झाकायचं, हे घरीच ठरवा आणि सरावाच्या चालण्यात तपासा.

कागदी पट्टी म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोर, एक इंच रुंद. महागड्या साधनांपेक्षा आमचा भर हिच्यावर आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पट्टीने फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. सकाळी कोरड्या पायावर, तेल-क्रीम लावण्याआधी, नेहमी चावणाऱ्या जागी एकच थर लावा. कोपरे कात्रीने गोल करा, सुरकुती राहू देऊ नका, बोटाभोवती आवळू नका. मोजा ओढून न चढवता गुंडाळत चढवा. रात्री पट्टी ओली करून सावकाश काढा. व्हॅसलिन तासाभर मदत करतं, पुढे मुरल्यावर उलट घर्षण वाढू शकतं. वापरायचं तर पुन्हा पुन्हा लावावं लागतं. टाल्कम पावडरच्या घामात गुठळ्या होतात. घाम कमी करणाऱ्या औषधाने फोड घटतात, पण त्रासही होतो: अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या छात्रांवरील प्रयोगात २१ किलोमीटरच्या चालीनंतर औषध लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांना, पण औषधवाल्यांत निम्म्याहून अधिक जणांची कातडी चुरचुरली. ज्यांना घाम फारच येतो त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच वापरावं.

विमानात नाड्या सैल करा, दर दीड-दोन तासांनी उठून फिरा. उतरल्यावर लगेच शहरदर्शन असेल तर कोरडे मोजे हातातल्या पिशवीत ठेवा आणि नाड्या नव्याने बांधा. एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली तर तो थकवा समजू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते. जिने उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर बुटाच्या सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकाचा उपयोग करा. नाडी त्याच बाजूच्या भोकात घालून छोटा फास करा, दोन्ही टोकं समोरच्या फासातून ओवून खाली ओढा, मग गाठ मारा. टाच जागेवर बसते.

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस किंवा युंगफ्राऊच्या बर्फात खेळून बूट भिजले की त्या रात्री इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. हेअर ड्रायर जवळ धरू नका, डिंक सुटतो. बुटांचा दुसरा वापरलेला जोड किंवा मागे पट्टा असलेली सँडल हवीच.

चालताना एखादी जागा गरम लागली, चुरचुरली, की तेव्हाच थांबा. मार्गदर्शकाचा झेंडा पुढे चाललाय म्हणून माणसं ओढत राहतात आणि अर्ध्या-पाऊण तासात फोड तयार होतो. बूट काढा, पाय कोरडा करा, पट्टी लावा, पुढे चला.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका. जाड पट्टीला मधोमध भोक पाडून ते फोडाभोवती बसवा. टम्म फुगलेला, पाऊल टेकू न देणारा फोड असेल तर हात आणि पाय साबणाने धुवा, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला दोन-तीन भोकं पाडा, पाणी दाबून काढा. वरची कातडी काढू नका, तीच उत्तम आवरण आहे. मग जंतुनाशक पोव्हिडोन आयोडीन, जखमेला न चिकटणारी पॅराफिन गॉजची जाळी आणि वर पट्टी लावा. सुईबरोबर दोरा ओवून आत ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या. दोऱ्यावाटे जंतू आत जातात. फ्रान्स-इटलीत हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानांत हायड्रोकोलॉइडच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या जेलच्या, तयार पट्ट्या मिळतात. त्या दोन-तीन दिवस न काढता ठेवायच्या असतात. पू, वर चढणारी लाल रेघ किंवा ताप दिसला तर विम्याचा क्रमांक फिरवा.

मधुमेहींनी फोड स्वतः फोडू नये. संवेदना कमी झालेल्या पायाला बुटातला खडाही कळत नाही. म्हणून बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा, आणि रोज रात्री मोबाइलने तळपायाचा फोटो काढून पाहा. सहलीआधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. साध्या नायलॉनच्या तंतूने काही मिनिटांत ही तपासणी होते.

पर्यटन कंपन्यांना आमची विनंती आहे. सहलपूर्व बैठक निघण्याच्या आठवड्यात न घेता दोन महिने आधी घ्या, कारण त्यानंतर कळून उपयोग नसतो. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक दिवसापुढे अंदाजे किलोमीटर, पायऱ्या आणि रस्ता दगडी आहे की सपाट, हे छापा. तुमच्या सहल व्यवस्थापकांना ते तोंडपाठ असतं. आणि पहिल्या तासाभराच्या चालीनंतर सर्वांना पाच मिनिटं बसवून बूट तपासायला सांगा. व्यवस्थापकाने स्वतः सांगितलं की संकोचाने गप्प राहणारे आजी-आजोबाही बूट काढतात.

आपले,
पायांच्या विकारांवर काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, पुणे