जमातीची बैठक उशिरा का बसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुस्लिम समाजातील मोडलेल्या संसारांची चर्चा निघाली की ती तोंडी तलाकपाशीच थांबते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, याचे मी मनापासून स्वागत केले. मात्र निपाणीत जमातीच्या, म्हणजे स्थानिक मुस्लिम समाजाच्या पंचमंडळाच्या, समेटाच्या बैठकांना अनेक वर्षे बसल्यावर मला निराळेच दुखणे दिसते. तलाक द्यायचा नाही, नांदवायचेही नाही. मुलीला माहेरी धाडायचे आणि पुन्हा विचारायचे नाही.

नवरा कामासाठी गोव्याला किंवा आखातात, सून सासरच्या एका खोलीत, त्याने पाठवलेल्या पैशांवरून घरात धुसफूस, त्यात जहेजवरून (हुंड्यावरून) टोमणे आणि कुठे कुठे दारू. मग फोनवर शब्दाला शब्द वाढतो.

आमच्या गल्लीतील अशी एक लेक चार वर्षे आईबरोबर विड्या वळते आहे. तिचा नऊ वर्षांचा मुलगा दप्तर ठेवून विड्यांना दोरा गुंडाळायला बसतो. शाळेच्या कागदावर पालकाची सही हवी असली की आई समोर असतानाही तो कागद आजोबांपुढे सरकवतो. निकाहनाम्यात मेहेर, म्हणजे नवऱ्याने पत्नीला द्यायची रक्कम, उधार लिहिलेला आहे, तो आजही उधारच आहे. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही तर १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने पत्नी न्यायालयातून विवाह संपुष्टात आणू शकते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खाली (१ जुलै २०२४पासून त्याजागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. यातले काहीच तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, याची मला खंत आहे.

कुरआनच्या चौथ्या सुरेतील पस्तिसावी आयत पतिपत्नींत फूट पडण्याची भीती वाटली तर दोन्ही घराण्यांतून एकेक पंच नेमायला सांगते. आमची बैठक मात्र कपाट आणि भांडी परत नेण्याच्या वेळी बसते. सीमाभागातील जमातींना माझी विनंती आहे की मुलगी माहेरी आल्यापासून महिन्याच्या आत दोन्हीकडच्यांना बोलवावे, तिच्या वतीने बाप-भावाने न बोलता तिलाच बोलू द्यावे आणि मुलांच्या खर्चाचा आकडा त्याच दिवशी सह्यांनिशी लिहून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, निपाणी (जि. बेळगाव)